दारातून परत गेलेली साडी

श्री
कन्नड, ता. २ फेब्रुवारी २०२६

काकासाहेब दाजींना रामकिसनचा रामराम.

फोन लावला की तुम्ही 'हं' म्हणता. मी बोलतो, तुम्ही 'हं' म्हणता, मग फोन ठेवता. असं चार वेळा झालं. नुसत्या हं ला माणसानं काय उत्तर द्यावं? म्हणून लिहायला बसलो. साखर कारखान्याच्या काट्यावर एकतीस वर्षं पावत्या लिहल्या, हात अजून चालतो.

सारजाला जाऊन आज पंचवीस दिवस झाले. तेराव्याला मी तुमच्याकडं आलो होतो, पण जेवलो नाय. तुमच्या ध्यानात आलं का नाय, देव जाणे. मनात जे हाय ते बोलून टाकतो, म्हातारपणी पोटात ठेवून काय करायचं.

आपल्यात बाई नवऱ्याच्या आधी, अहेव गेली तर तिच्या अंगावर शेवटची साडी माहेराची पडती. सख्खा भाऊ नसंल तर चुलत, चुलत नसंल तर भावकीतला कुणीतरी, पण माहेराची साडी चुकत नाय. माझ्या बहिणीची चुकली. आणि भाऊ तर दारात उभा होता.

तुम्ही गेटवर कागद लावला होता. काळ्या जाड पेनानं लिहलेलं, 'कृपया साड्या, कापड, हार आणू नयेत. तिची तशी इच्छा होती.' मी तो वाचला. म्हणलं, हे गल्लीतल्या लोकांसाठी असंल, मी तर भाऊ. आत पाय टाकला तर तुम्ही माझ्या पिशवीवर हात ठेवला आणि म्हणले, "नाही. तुमची पण नाही." सगळ्या भावकीसमोर. मी पिशवी काखेत धरून तिरडीमागं चाललो आणि तशीच जीपमधी घेऊन घरी आलो.

ती साडी आता आमच्या मधल्या खोलीत खुंटीला हाय. आमच्या घरची कौसाबाई तिच्याखालून झाडूसुद्धा फिरवत नाय. मेलेल्या माणसासाठी घेतलेली साडी जितं माणूस नेसत नाय. दुकानदाराला परत देता येत नाय. जाळायला हात धजत नाय. ठेवली तर उठता-बसता दिसती.

सारजाचं मला ठाऊक हाय. माझ्या घरी दोन दिवस आली तरी भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला घालायची, कौसाबाईला घालायला लावायची. बाजाराला निघाली की चार कापडी पिशव्या आधी. पण दाजी, तिच्या अंगावर माझी एक साडी पडली असती तर कोणती पृथ्वी बुडत होती? एवढंच विचारायचं होतं.

तुमचा
रामकिसन


छत्रपती संभाजीनगर, सिडको
११ फेब्रुवारी २०२६

श्री. रामकिसनराव यांस नमस्कार.

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. वाचून राग येईल किंवा रडू येईल, असं वाटलं होतं. काही आलं नाही.

तुम्ही दारात आलात ते अंधुक आठवतं. पिशवीवर हात ठेवला ते आठवत नाही. तुम्ही म्हणता तर ठेवला असेल.

कागद का लावला ते सांगतो. मागच्या जूनमध्ये मागच्या गल्लीतल्या एक बाई वारल्या. त्यांच्यावर तीस-पस्तीस साड्या पडल्या. येईल तो एक टाकत होता, कुणी खालची बघत नव्हतं. स्मशानात लाकडावर ठेवायच्या आधी त्या सगळ्या काढून एका बाजूला फेकल्या. तिथं आधीचाही ढीग होता. कुणीतरी तो पेटवला. त्या साड्या जळत नाहीत हो, वितळतात. काळं पाणी होऊन मातीवर ठिबकतात, आणि तो वास कपड्यांना दोन दिवस राहतो. बायका तिकडं येत नाहीत म्हणून मी घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

दोन दिवसांनी सकाळी चहा घेता घेता म्हणाली, "अहो, मी गेले तर माझ्यावर साड्या टाकू नका हं." तेवढ्यात नळ आला. आमच्याकडे पाणी आठ-नऊ दिवसांनी येतं, नळ आला की हातातलं टाकून उठावंच लागतं. मी उठलो आणि मोटार लावली. त्यानंतर हा विषय परत निघाला नाही.

एका साडीनं कोणती पृथ्वी बुडत होती, हे मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलंही नाही. ती करायची, मी बादली उचलायचो, चाळीस वर्षं असंच झालं. अजूनही करतो. नळ आल्यावर आख्खी गल्ली आधीचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतते, तिनं कधी ओतलं नाही, मीही ओतत नाही. दूध आणायला डबा घेऊन जातो. कचऱ्याच्या तीन बादल्या आहेत. ओला, सुका, आणि तिसऱ्या बादलीत काय टाकायचं ते मला ठाऊक नाही, तिनं सांगितलं नव्हतं. ती रिकामीच ठेवतो. घंटागाडीवरची बाई रोज तिच्याकडं बघते आणि पुढं जाते. हे सगळं चांगलं आहे म्हणून करतो असं नाही. सकाळी उठलं की हे करायचं असतं, म्हणून उठतो.

तिनं माझ्याकडे कधी फारसं मागितलं नाही. हे एक मागितलं आणि ते मी केलं. बाकी डॉक्टर, औषधं, वेळेवर नेणं, त्यातलं काय चुकलं काय नाही हे रोज मोजत बसतो. हे एक मात्र नीट झालं. ते तरी राहू द्या माझ्याकडे.

तुम्ही विषय काढलात म्हणून लिहितो. निरोप सकाळी सातला गेला होता. कन्नडहून इथं यायला फार तर दोन तास. तुम्ही दुपारी तीनला आलात. बर्फ दोनदा बदलावा लागला. भावकी घड्याळाकडं बघत होती आणि तुमच्याविषयी बोलत होती. 

वहिनींना नमस्कार.

काकासाहेब


कन्नड
ता. १९ फेब्रुवारी २०२६

दाजींना रामराम.

उशीर का झाला हे मी सांगणार नव्हतो. आता तुम्हीच काढलं तर ऐका.

मी साडेनऊलाच शहरात उतरलो होतो. तिथून थेट शहागंजला गेलो. कापडाच्या पहिल्या दुकानात हिरवी साडी मागितली. त्यानं शंभर काढून टाकल्या समोर. मी म्हणलं सुती पायजे. तो म्हणला सुतीच हाय चाचा, ले लो. मी म्हणलं, धागा काढून दे. काडेपेटी माझ्या खिशात होती. धागा पेटवला, तर टोकाला काळा मणी झाला, म्हणजे प्लास्टिकचा दोरा. उठलो, दुसऱ्या दुकानात गेलो. तिथंही मणी. तिसऱ्यात तर मालकानं हाकललं, म्हणला सुबे सुबे दुकान जलाने आए क्या. असं करत करत सातव्या दुकानात एका म्हाताऱ्या मालकानं धागा स्वतः पेटवला, बोटावर घेऊन चुरगाळला आणि मला दाखवला. राख झाली होती. त्यानं विचारलं, किसके लिए है? मी सांगितलं. त्यानं साडी घडी करून दिली आणि गल्ल्यावरून उठून मला रिक्षापर्यंत सोडायला आला. तवर दोन वाजून गेले होते.

हे कशापायी केलं, तेही सांगतो. गेल्या भाऊबीजेला सारजा इकडं आली होती. मी ओवाळणीत साडी घातली. तिनं हसत हसत पदराचा एक दोरा ओढला आणि ताटातल्या निरांजनावर धरला. मणी झाला. म्हणली, "दादा, बघ. हा मण्याचा दोरा मातीत घातला तर तुझ्या नातवाच्या नातवाला तसाच सापडंल. पुढल्या वेळी राख होणारी आण." कौसाबाईनं विचारलं, अन् नाय मिळाली तर? तर म्हणली, "मग माझ्या शेवटाला तरी आणा, तवा मला धागा काढून बघता येणार नाय, तुम्हालाच बघावं लागंल." आम्ही सगळे हसलो. दोन महिन्यांनी तीच वेळ येईल असं कुणाला वाटलं होतं?

म्हणजे मला ती म्हणती शेवटाला सुती आण. तुम्हाला म्हणती एकही नको. दाजी, माझी बहीण दोन तोंडांनी बोलणारी नव्हती. आपल्या दोघांत एकाचं काहीतरी चुकतंय. मी माझ्या कानांनी ऐकलंय, कौसाबाई साक्षीला हाय. तुम्ही तुमचं बघा.

आणि भावकी मला काय बोलत होती ते मला जाताना ऐकू आलं होतं. बहीण मेली तरी ह्याला वेळ नाय म्हणत होते. मी पिशवीकडं बघत चाललो.

रामकिसन


कन्नड
ता. १४ मार्च २०२६

दाजी,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाय. फोनवर हं सुद्धा नाय. मी जरा कडक लिहलं असंल, तर ते माझं तोंडच तसं हाय. तब्येतीचं तेवढं कळवा.

रामकिसन


छत्रपती संभाजीनगर
३० मार्च २०२६

रामकिसनराव,

तब्येत ठीक आहे. तुमच्या पत्राला उत्तर नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

पाडव्याला श्रेया पुण्याहून आली. यंदा गुढी नव्हती, नुसती जेवून गेली असती. मी तुमची पत्रं तिला वाचायला दिली. एक ओळ तिनं परत मागं जाऊन वाचली. मग तिनं विचारलं, "बाबा, मामा साडी घेऊन आले होते?"

तिला माहीतच नव्हतं. त्या दिवशी ती आत आईजवळ बसली होती. गेटवर काय झालं ते आत कुणी सांगितलं नाही. तिला वाटलं मामांनी साडी आणली नाही. दोन-अडीच महिने तिनं ते मनात ठेवलं, तुमच्यावर राग धरून. म्हणून तेराव्याला तुमच्याशी बोलली नाही. तुम्हाला ते जाणवलं असेल.

आता मुख्य गोष्ट. जूनमध्ये ती चहाची सकाळ झाली तेव्हा श्रेया सुट्टीवर घरी होती, दारात केस विंचरत बसली होती. मी मोटार लावायला उठलो त्याच्यापुढचं तिनं ऐकलं आहे. हिचं वाक्य तिथं संपलं नव्हतं. ती म्हणाली होती, "साड्या टाकू नका हं. माहेरची एक सोडून. ती दादा आणेल, सुती." आणि मग श्रेयाला म्हणाली, "बघ, गेले तुझे बाबा पाणी भरायला." दोघी हसल्या.

मी पाणी भरत होतो. टाकी भरून वाहायच्या आत मोटार बंद केली, थेंब वाया जाऊ दिला नाही, हे मला चांगलं आठवतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की एक गोष्ट नीट झाली. ती झाली नाही. तिला जी एकच साडी हवी होती, ती सात दुकानं फिरून, धागा जाळून दारापर्यंत आली होती, आणि मी हात आडवा घातला. तुमची माफी मागतो. लिहिताना वाटलं होतं रडू येईल. येत नाही. मला काय झालं आहे ते कळत नाही, रामकिसनराव. श्रेया दोन तास रडली, मी तिच्यासाठी पाणी आणलं आणि पेला विसळून जागेवर ठेवला.

गेल्या आठवड्यात शेजारच्या अनंतरावांच्या आई गेल्या, नव्वदीच्या होत्या. सकाळी त्यांची सून उमा आली. म्हणाली, "काका, तुमच्या गेटवर कागद लावला होता तसा आम्हालाही लावायचाय, सासूबाईंना सारजाकाकूंचं पटलं होतं." तो जुना कागद कपाटात होता. मी काढला. देण्याआधी खाली त्याच काळ्या पेनानं लिहिलं, 'माहेरची एक सोडून. ती सुती असावी.' उमानं वाचलं आणि तसाच नेऊन लावला. दुपारी त्यांच्या माहेरचा एक म्हातारा भाचा आला, पांढरं धुवट लुगडं घेऊन. त्याला कुणी अडवलं नाही. मी गेटपाशीच उभा होतो.

आता एक मागतो. ती साडी इकडं पाठवा. कन्नडच्या जीपवाल्याकडं दिली तरी चालेल. मी तिला कपाटात ठेवतो आणि श्रेयाला लिहून ठेवतो की मी गेलो की नवं कापड आणायचं नाही, हीच माझ्यावर घालायची. बाईची साडी पुरुषावर म्हणून लोक हसतील, हसू देत. नवं काही लागणार नाही, तुमच्या खुंटीवरचं ओझं उतरेल, आणि तिची राहिलेली वस्तू मी घेऊन जाईन. माझ्या हातानं परत गेली, माझ्याच हातानं पोचेल. दुसरं काही सुचत नाही.

फार दिवस लागतील असं वाटत नाही. तसा आजार काही नाही. पण सकाळच्या तीन बादल्या झाल्या की दिवसाचं काही उरत नाही.

काकासाहेब


कन्नड
ता. ७ एप्रिल २०२६

दाजींना रामकिसनचा रामराम.

तुमचं पत्र परवा आलं. कौसाबाईला वाचता येत नाय म्हणून मी मोठ्यानं वाचलं. ती सुपात डाळ पाखडत होती. माफीचं वाचलं तवा तिचा हात थांबला.  दाजी, माफीचं राहू द्या. नळ आला म्हणून उठलेल्या माणसाला कोण काय बोलणार. मी तुमच्यावर राग धरला, पोरीनं माझ्यावर धरला, भावकीनंबी मलाच नावं ठेवली, आणि जिच्यापायी हे सगळं, ती दोघांना एकच सांगून गेली होती. मला एकाच गोष्टीचं बरं वाटलं, की माझी बहीण खरी निघाली आणि तुम्ही खोटे नव्हते.

मग ते साडी पाठवायचं वाचलं. माझ्यावर घाला म्हणून जे लिहलंय ते. मी वाचून कागद खाली ठेवला. मला ते पटलंबी होतं, खोटं कशाला सांगू. म्हणलं दाजींची गोष्ट बरोबर हाय, उद्या जीपवाल्याकडं देतो.  कौसाबाई डाळ पाखडून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यातून आलो तर खुंटी मोकळी. आत बघितलं तर कौसाबाई ती साडी नेसून चुलीपुढं बसलेली.

मी भ्यालो, दाजी. एकाहत्तर वर्षांचा माणूस मी, भ्यालो. म्हणलं, अगं काय केलंस, मेलेल्या माणसाची हाय ती. तर भाकरी थापता थापता म्हणली, "मेलेल्या माणसाला मिळाली कुठं? माझ्या नणंदेची हाय. तिनं उभ्या जन्मात एक चिंधी वाया जाऊ दिली नाय, अन् तुम्ही दोघं म्हातारे तिची कोरी साडी मरणासाठी राखून ठेवायला निघाले."

मग त्याच साडीवर ती बाजाराला गेली. मी पिशव्या धरून मागं. आमच्या गावात ह्या साडीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक हाय. शेजारच्या सांडूच्या मायनं तोंडाला पदर लावला. दोघी-तिघी वाट सोडून बाजूला झाल्या. एकीनं धीर करून विचारलं, मावशे, ही तीच का? कौसाबाई म्हणली, व्हय, तीच. चांगली हाय ना? राख होणारी हाय. आणि वांगी निवडायला बसली. कडक खळ होती साडीला, चालताना लई आवाज करत होती. मी आख्खा बाजार तिच्याकडं सरळ बघितलं नाय.

तिसऱ्या पहारी तिनं साडी धुतली. थोडा रंग गेला. दोरीवर वाळत टाकली आणि ती आत गेली. मी बाजेवर बसलो होतो. वारा सुटला, साडी हलायला लागली, आणि मला रडू आलं. सारजा गेल्यापासून पहिल्यांदा. तिरडीमागं चालताना नाय आलं, तेराव्याला नाय आलं, ते तवा आलं. लई वेळ रडलो. कौसाबाईनं आतून बघितलं, पण बाहेर आली नाय.

म्हणून सांगतो, साडी आता पाठवता येत नाय. ती अंगाला लागली, धुतली गेली, बाजार फिरून आली. कौसाबाई म्हणती फाटंस्तोवर नेसणार. तुमच्यावर घालायला आमच्याकडं काही उरलं नाय, दाजी. त्या वाटेनं जायचं तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडून तिला काही पोचवायचं नाय.

येत्या रविवारी इकडं जेवायला या. सकाळच्या एसटीनं या, मी स्टँडवर उभा राहतो. श्रेयाला सुट्टी असंल तर तिलाबी आणा, मामाला तिच्याशी बोलायचं हाय. कौसाबाई तीच साडी नेसून वाढणार हाय, हे आधीच सांगून ठेवतो. तुम्हाला बघवलं नाय तर मान खाली घालून जेवा. रडू आलं तर रडा, आमच्याकडं कुणी काही म्हणत नाय. पण या.

तुमचा
रामकिसन